कानातली शिट्टी आणि ऑर्केस्ट्रातली बेस गिटार

आखाजी होऊन आठवडा झाला होता. पस्तिशीतले एक गृहस्थ तपासणीसाठी आले. नोकरी पतसंस्थेत, काउंटरवर कारकून. तक्रार अशी की उजव्या कानात सतत बारीक शिट्टी वाजते. दिवसा गडबडीत जाणवत नाही, पण रात्री दिवा मालवला की तीच ऐकू येते आणि झोप लागत नाही. "कानात काही गेले असेल तर काढून द्या, डॉक्टरसाहेब," असे ते म्हणाले. कानात काहीच नव्हते. पडदा शाबूत होता, मळही फारसा नव्हता.

"मोठ्या आवाजात काही काम असते का?" असे विचारल्यावर ते थोडे लाजून म्हणाले, "काम नाही, छंद आहे. ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो." कॉलेजच्या गॅदरिंगपासून लागलेली आवड. शनिवार-रविवारी सुपारी असली की मित्रांबरोबर धुळे, अमळनेर, चोपडा, शिरपूर अशा गावी जायचे. मानधन पेट्रोल आणि तारांच्या खर्चात जाते, पण मन रमते. धुळ्याला एका हळदीच्या कार्यक्रमात चार तास वाजवून ते परतले. पूर्वीही कार्यक्रमानंतर कानाला दडे बसत आणि शिट्टी वाजे, पण सकाळपर्यंत सारे निवळे. या वेळी शिट्टी गेलीच नाही.

त्यांचे प्रश्न दोनच होते. हे बरे होईल का? आणि वाजवणे सोडावे लागेल का? खानदेशात हौसेने वाजवणारे थोडे नाहीत. कुणी बँडमध्ये, कुणी बेंजो पार्टीत, कुणी ऑक्टोपॅडवर, कुणी डीजेच्या गाडीवर असतो. त्या सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर देत आहे.

कान ऐकतो कसा?

आवाज म्हणजे हवेतील कंप. हे कंप पडद्यावर आदळतात, तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून पुढे जातात आणि आतल्या कानात पोहोचतात. तेथे गोगलगायीच्या शंखासारखा वळसे घातलेला एक द्रवाने भरलेला अवयव आहे. त्यात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. प्रत्येकीच्या टोकाला केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. द्रव हलला की ते वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो.

शेतातल्या गवतावरून बैलगाडी एकदा गेली तर ते दबते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहते. रोज गेली तर चाकोरी पडते आणि तेथे पुन्हा गवत उगवत नाही. केशपेशींचेही तसेच आहे. मोठ्या आवाजाने त्या थकतात, विश्रांती मिळाली तर सावरतात. मात्र वारंवार मारा झाला तर मरतात. माणसाच्या कानात मेलेली केशपेशी पुन्हा तयार होत नाही. तिला उगवायला लावणारे औषध वा इंजेक्शन आज उपलब्ध नाही. कार्यक्रमानंतर कानाला दडे बसणे, शिट्टी वाजणे ही त्या पेशींनी दिलेली पहिली सूचना असते. सकाळी बरे वाटते म्हणून आपण ती विसरतो, पण प्रत्येक वेळी सारे पूर्ववत होतेच असे नाही.

किती आवाज, किती वेळ?

आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. कानाच्या दृष्टीने ८५ डेसिबल आवाज दिवसात ८ तासांपर्यंत चालतो असे मानतात. त्यापुढचा हिशेब नीट लक्षात ठेवावा. दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला अवघी १५ मिनिटे. ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर ड्रमसेटशेजारी आवाज सहज १०० च्या आसपास जातो. आमचे हे गृहस्थ तेथे चार तास उभे होते.

बेस गिटार तर सर्वांत खर्जातले वाद्य, मग कानाला त्रास कसा, असे कोणी विचारील. तिच्या जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. माणसाचा कान २० ते २० हजार कंपने ऐकतो, परंतु इतक्या खालच्या स्वराला तो फारच मंद असतो. म्हणून वाजवणाऱ्याला स्वतःचे वाद्य ऐकू येत नाही आणि तो आवाज वाढवत जातो. त्याचा स्पीकर बहुधा पायाशी ठेवलेला असतो. खर्ज चहूकडे पसरतो, पण सुरांची धार समोर जाते. ती त्याच्या पोटरीला लागते आणि पुढच्या खुर्चीतल्या पाहुण्यांच्या कानावर जाते. पाहुणे कान झाकतात आणि वाजवणारा म्हणतो, आवाज कमी आहे! त्याने वाढवला की कीबोर्डवाला वाढवतो, मग गायक मॉनिटर वाढवायला सांगतो.

खरी इजा मात्र शेजारून होते. बेसवाला आणि ड्रमवाला यांची जोडी असते, ताल जुळावा म्हणून ते अगदी लगत उभे राहतात. ड्रमसेटच्या झांजांचा आवाज तीव्र आणि टिपेचा असतो. आमच्या गृहस्थांच्या उजव्या हाताला हातभर अंतरावर झांज होती, आणि शिट्टीही उजव्याच कानात होती.

'साठ' की 'आठ'?

त्यांची श्रवण चाचणी केली. बंद खोलीत कानावर हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे बारीक स्वर ऐकवतात आणि कोणता स्वर किती आवाजात ऐकू आला याचा आलेख काढतात. यात दुखत नाही, वेळही थोडाच लागतो. आलेखात ४००० कंपनांच्या आसपास उजव्या कानाचा खड्डा दिसला. मोठ्या आवाजाने होणाऱ्या इजेची ही नेहमीची खूण आहे.

असा खड्डा पडलेल्या माणसाला 'ऐकू येत नाही' असे वाटत नाही. ढोल ऐकू येतो, मोटारीचा हॉर्न ऐकू येतो. हरवतात ती स, श, फ यांसारखी बारीक व्यंजने. गर्दीत आवाज येतो, पण शब्द कळत नाही. हे ऐकताच ते म्हणाले, "काउंटरवर कोणी साठ म्हटले तर मला आठ ऐकू येते. मी परत विचारतो, लोक चिडतात." पैशाच्या काउंटरवर ही गोष्ट साधी नव्हे. लोक तोंडात पुटपुटतात असे इतके दिवस ते समजत होते.

कानात बोळे घालून संगीत कसे करायचे?

नुसत्या कापसाच्या बोळ्याचा उपयोग फार थोडा. त्यासाठी स्पंजचे इअर प्लग मिळतात आणि ते स्वस्त असतात. प्लग दोन बोटांत वळून बारीक करावा. दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढून तो आत सारावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. वादकांसाठी वेगळे प्लगही निघतात. ते सर्व स्वर सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे गाणे बेचव लागत नाही. वरचा हिशेब पुन्हा मांडून पाहा. १०० मधून १५ डेसिबल कमी झाले की ८५ उरतात आणि १५ मिनिटांची मुभा ८ तासांवर जाते. प्लग सैल बसला तर एवढा फायदा मिळत नाही, म्हणून नीट घालणे महत्त्वाचे. पहिल्या दोन कार्यक्रमांत चुकल्यासारखे वाटेल, नंतर सवय होते.

दुसरा उपाय फुकटचा आहे. बेसचा स्पीकर खुर्चीवर किंवा पेटीवर ठेवून तोंड आपल्या कानाकडे वळवावे. स्वतःचे वाद्य ऐकू आले की ते वाढवण्याची इच्छा होत नाही. झांजेपासून दोन पावले दूर सरकावे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मध्यंतरात स्टेजमागे शांत जागी दहा मिनिटे बसावे. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी कानाला सुट्टी द्यावी, मोबाइलचे इअरफोनही लावू नयेत.

खांदा, मनगट आणि बोटे

बेस गिटारचे वजन साधारण चार किलो असते. तीन-चार तास ते एका डाव्या खांद्यावर राहते. पट्टा अरुंद असेल तर खांदा आणि मान भरून येते. पट्टा तीन-चार इंच रुंद घ्यावा. गिटार गुडघ्यापर्यंत लोंबती ठेवण्याची तरुणांत फॅशन आहे. त्यामुळे डावे मनगट काटकोनात वाकते आणि स्नायूंच्या दोऱ्यांना सूज येते. गिटार पोटाच्या वर येईल इतका पट्टा आखूड करावा. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दाबली जात असण्याचा संभव असतो. ते अंगावर काढू नये. स्पीकरची खोकी उचलताना कमरेत वाकू नये, गुडघे वाकवून दोघांनी मिळून उचलावीत.

विजेचा धक्का आणि रात्रीचा रस्ता

मंडपातली वीज जनरेटरवर किंवा जोडतारेवर असते आणि अर्थिंग पुष्कळदा नसतेच. गिटारच्या तारांवर हात असताना ओठ माइकला लागले की चटका बसतो, हा अनुभव अनेकांनी सांगितला आहे. तो हसण्यावारी नेऊ नये. गिटारचा अँप्लिफायर आणि माइकची यंत्रणा यांच्या विजेत फरक असल्याची ती खूण असते, आणि ओल्या जमिनीवर तोच धक्का जीव घेऊ शकतो. वाजवणे थांबवावे, साऊंडवाल्याला दोन्ही यंत्रे अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डवर घ्यायला लावावीत. गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवलेला असावा. पायात रबरी तळव्याची कोरडी पादत्राणे असावीत.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादाही त्याच नियमांत आहे. पण कार्यक्रम दहाला संपला तरी सामान बांधून, जेवून निघायला बारा वाजतात. धुळ्याहून मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगाव गाठायचे म्हणजे नव्वदेक किलोमीटर. सकाळी सहापासून जागा असलेला माणूस मध्यरात्री गाडी चालवतो तेव्हा त्याची सावधगिरी मद्य घेतल्यासारखी मंदावलेली असते. चहा किंवा तंबाखूने झोप टळत नाही, थोडी पुढे ढकलली जाते. शक्य तर मुक्काम करावा. नाहीतर त्या दिवशी दुपारी झोपलेल्या माणसाने गाडी चालवावी. वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. मंडपात घाम गाळणाऱ्यांनी तहान लागण्याची वाट न पाहता पाणी आणि मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत घ्यावे.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

शिट्टी किंवा दडे दोन दिवसांत गेले नाहीत तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. अचानक एका कानाने ऐकू येणे बंद झाले तर ती तातडीची बाब समजावी. पहिल्या दोन-तीन दिवसांत उपचार सुरू झाल्यास लाभाची शक्यता अधिक असते. आठवडाभर तेल घालून वाट पाहिल्यास ती संधी जाते. कानात कोमट तेल, लसणाचा किंवा तुळशीचा रस घालू नये. केशपेशी पडद्याच्या पलीकडे, हाडाच्या आत असतात, तेल तेथे पोहोचतच नाही. काही प्रतिजैविक इंजेक्शने कानाला बाधतात, म्हणून कोणताही उपचार घेताना कानाची तक्रार आधी सांगावी. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेथे कानाचा विभाग असतो. नियमित वाजवणाऱ्यांनी वर्षातून एकदा श्रवण चाचणी करून आलेख जपून ठेवावा. खड्डा वाढतो आहे की नाही, हे त्यावरूनच कळते.

आता त्या दोन प्रश्नांकडे येऊ. गेलेले परत येणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितले. ऐकताना ते बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत बसले. शिट्टीची मात्र मेंदूला हळूहळू सवय होते. रात्री पूर्ण शांतता ठेवण्याऐवजी पंखा किंवा मंद आवाजात रेडिओ सुरू ठेवला तर ती मागे पडते. काळजीने आणि जागरणाने ती वाढते, म्हणून वेळेवर झोप हेच निम्मे औषध.

वाजवणे सोडायला सांगितले नाही. दोन महिने विश्रांती आणि नंतर प्लगशिवाय स्टेजवर पाऊल नाही, एवढी अट घातली. ते पुन्हा वाजवू लागले आहेत. शिट्टी आहे, पण आता तिने झोप मोडत नाही. काउंटरवर त्यांनी लोकांना आकडा कागदावर लिहून द्यायला सांगायला सुरुवात केली आहे. परवा ते पुन्हा आले, ते स्वतःसाठी नव्हे. ड्रम वाजवणाऱ्या आपल्या बावीस वर्षांच्या सोबत्याला चाचणीसाठी घेऊन आले होते. त्याचा आलेख अजून सरळ आहे. तो तसाच राहावा म्हणून त्याच दिवशी त्यालाही प्लग घ्यायला लावले.