परदेशातही वाफाळता चहा
जयनगरमध्ये फिल्टर कॉफीचा कितीही दरवळ असला, तरी मराठी घराची सकाळ आल्याच्या चहानेच होते. परदेशी हॉटेलात मात्र कोमट पाणी आणि चहाची पुडी हाती येते अन् सासूबाईंचा चेहरा उतरतो.

बंगळूर सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी ९७ अंशांनाच उकळते, तरी चहा छान उतरतो. कॉफीयंत्रातले पाणी पुष्कळदा याहून थंड असते. ब्रिटनमध्ये खोलीत बहुधा किटली असते, अमेरिकेत अनेकदा नसते. तिथली वीज १२० व्होल्टची, त्यामुळे आपली २३० व्होल्टची किटली जेमतेम पाव ताकदीने तापते. दोन्हींवर चालणारी किटली आणि तिथला प्लग सोबत घ्या. समारंभात उकळते पाणी निःसंकोच मागा, बशी झाकून चहा मुरू द्या, दूध नंतर घाला. सासूबाई दिवसभर खुशीत हिंडतील!