हात काळे करण्याचे समाधान

दसऱ्याला आम्ही मोटारीस झेंडूचा हार घालतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो. आणि पुढे वर्षभर ते बॉनेट स्वतःच्या हाताने एकदाही उघडत नाही! ज्या यंत्राची पूजा करायची, त्यावर काम करणे मात्र कमीपणाचे, हा आमच्या पांढरपेशा समाजाचा जुना दुटप्पीपणा आहे. त्यापायी आपण एका निर्मळ समाधानास मुकतो.

मनःशांतीसाठी माणसे प्रवचने ऐकतात, शिबिरांना जातात. त्यात गैर काही नाही. परंतु एखाद्या रविवारी, इंजिन गार असताना, स्पार्क प्लग काढून पाहावा. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काजळी धरली असेल तर पेट्रोल अधिक, हवा कमी. तेलकट ओल असेल तर इंजिनातले तेल जळते आहे. यंत्राला खुशामत कळत नाही आणि आपल्या संतापाचीही त्याला पर्वा नसते. रागाच्या भरात प्लग आवळला तर आटेच बिघडतात. पाना हाती घेणाऱ्यास म्हणूनच राग बाजूस ठेवावा लागतो. चित्त स्थिरावते ते या सक्तीमुळे.

आमच्या किनाऱ्यावर तर अशा कामांना तोटा नाही. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा खातात. पावसाळा सरताच गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुणे, बॅटरीच्या टोकांवरचा पांढरट थर खायच्या सोड्याच्या पाण्याने काढून वर व्हॅसलीन लावणे, हे कोणासही जमेल.

अँबॅसडरचे उत्पादन 2014 साली थांबले, कार्ब्युरेटर गेले, नव्या गाड्यांत सारा इलेक्ट्रॉनिक कारभार. मग घरी करायचे काय, असे कोणी विचारील. ब्रेक व वायरिंग जाणकारांकडेच सोपवावे, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कोणीही शिरू नये. परंतु तेल, पाणी, हवा आणि फिल्टर यांची देखभाल आजही आपल्या हातची आहे.

वर्ध्याच्या 1937 सालच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा आग्रह धरला. पुढे स्वराज्य आले, पण हाताच्या कामाची लाज गेली नाही. ती आता तरी जावी. ज्याने स्वतः घाम गाळून एक गंजलेला बोल्ट सोडवला आहे, तो गॅरेजमधल्या मिस्त्रीस पुन्हा ‘अरे-तुरे’ करणार नाही, असा आमचा विश्वास आहे.