टोचावे की न टोचावे?

मूल दीड महिन्याचे झाले की घरात एक प्रश्न हळूच शिरतो. ‘या आठवड्यात राहू दे, जरा सर्दी वाटतेय,’ असे आजी म्हणते. पुढच्या आठवड्यात आत्याचे लग्न निघते. त्यानंतर बाळाला ताप आला तर रात्रभर कोण जागणार, यावर चर्चा होते आणि लसीकरणाचे कार्ड कपाटातच राहते. गेली तीस वर्षे मी लहान मुलांवर उपचार करतो आहे. ‘आम्हाला लस द्यायचीच नाही,’ असे ठामपणे सांगणारे आईबाप या काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. ‘नंतर देऊ’ म्हणणारे मात्र शेकड्यांनी भेटले. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांत शिक्षिका असतात, इंजिनीअर असतात, बँकेतले अधिकारीही असतात.

या टाळाटाळीमागे एक तर्क आहे. औषध आपण आजारी मुलाला देतो. लस द्यायची ती मात्र हसत्याखेळत्या, अंगावर बाळसे धरलेल्या मुलाला. ‘डॉक्टर, ठणठणीत पोराला कशाला आजारी पाडायचं?’ हा प्रश्न मला कितीदा तरी ऐकावा लागला आहे. आजार आला तर तो नशिबाचा भाग. लशीनंतर ताप आला तर ‘मी नेलं म्हणून झालं’ ही टोचणी आईच्या मनाला लागते. न केलेल्या गोष्टीपेक्षा केलेल्या गोष्टीचा दोष माणसाला नेहमीच जड वाटतो. त्यात सुई लागल्यावर बाळाने फोडलेला हंबरडा समोर दिसतो, टळलेला आजार मात्र कधीच दिसत नाही.

आपल्या आजी-पणजीला तो दिसत होता. देवीचे वण चेहऱ्यावर घेऊन वावरणारी माणसे तेव्हा गल्लोगल्ली होती. देवीने दृष्टी गेलेली माणसे होती. हिंदुस्थानात देवीची पहिली लस टोचली गेली ती आपल्या मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्यानंतर हा रोग देशातून हटवायला पावणेदोनशे वर्षे लागली. १९७५ साली शेवटचे रुग्ण सापडले आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला. घटसर्पाने गळा आवळलेले मूल, डांग्या खोकल्याने काळेनिळे पडणारे तान्हे बाळ, धनुर्वाताने ताठ झालेले नवजात अर्भक हे सारे आजच्या तरुण आईने बहुधा पाहिलेले नसते. लशीने रोग हटवला आणि रोगाबरोबर त्याची आठवणही पुसली. मग ज्याची आठवणच नाही, त्याची भीती कशी वाटावी?

गोवराचेच पाहा. ‘अहो डॉक्टर, गोवर कुणाला चुकलाय?’ असे आजीबाई म्हणतात. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवायचा, घरात फोडणी द्यायची नाही, पुरळ नीट उमटले की आठवड्याभरात मूल खेळायला लागते, असा त्यांचा अनुभव. तो खोटा नाही. बहुतेक मुले बरी होतातच. पण काहींना न्यूमोनिया होतो, काहींना जुलाब लागतात, ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्यांच्या डोळ्यांवर घाला पडतो. हजारात साधारण एकाच्या मेंदूला सूज येते. क्वचित हा विषाणू मेंदूत दबा धरून बसतो आणि मूल बरे झाल्यावर सात-दहा वर्षांनी मेंदू हळूहळू निकामी करतो. शिवाय गोवर शरीराची जुनी प्रतिकारशक्तीही पुसतो, त्यामुळे पुढे कित्येक महिने इतर आजार मुलाला सहज गाठतात.

हे काही पुस्तकातले भय नव्हे. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीच्या दाट वस्त्यांत गोवराची साथ उसळली आणि शहरात दहाहून अधिक मुले दगावली. करोनाच्या काळात चुकलेले डोस, कुपोषण, पोटासाठी सतत होणारी स्थलांतरे आणि काही घरांतून आलेला नकार, अशी कारणे एकत्र आली होती. एरवी नवव्या महिन्यात दिली जाणारी लस तेव्हा काही भागांत सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस म्हणून द्यावी लागली.

मग लशीत धोका काहीच नाही का? आहे, आणि तो आईबापांना सरळ सांगितला पाहिजे. ताप येतो, मांडी दुखते, कधी टोचलेल्या जागी गाठ राहते. गोवराच्या लशीनंतर तीन-चार हजारांत एखाद्या मुलाला तापाची आकडी येते. ती घाबरवते, पण सहसा काही मागे ठेवत नाही. दहा लाख डोसांत एखाद्याला गंभीर ॲलर्जी होते. म्हणून तर लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबायला सांगतात. पोलिओच्या थेंबांतले दुबळे केलेले जिवंत विषाणूही लाखो डोसांत एखाद्या मुलाला लकवा आणू शकतात. शास्त्रज्ञांनी हे दडवले नाही. भारतात २०१५ पासून पोलिओची निर्जीव विषाणूंची इंजेक्शनेही सुरू झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतला दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकला गेला.

खऱ्या धोक्यांप्रमाणे खोटेही असतात. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने अवघ्या बारा मुलांवरून गोवराच्या संयुक्त लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने तो लेख २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचा वैद्यकीय परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासून २०१९ साली निष्कर्ष आला, की असा संबंध नाही. तरीही तोच संशय आजही माझ्या टेबलासमोर येऊन बसतो. दीड वर्षाच्या सुमारास मुलाचे बोलणे मागे पडलेले लक्षात येते, लसही त्याच सुमारास दिलेली असते आणि मन दोहोंची गाठ मारते. अशा आईवर डाफरून काय साधणार? तिला समोर बसवून आकडे समजावून सांगावे लागतात.

कारण लस कुपीत असते, पण ती घेण्याचे बळ विश्वासात असते. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावी बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने सारी मुले बरी झाली, संबंधितांवर कारवाईही झाली. दुधाने तोंड पोळलेल्यांनी मग ताकही फुंकून प्यायले, तर त्यांना नावे कशी ठेवायची? याउलट उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांनी मुले होत नाहीत, अशी अफवा पसरली होती. ती हटली ती वस्तीतल्या बायका, शिक्षक आणि मौलवी दारोदार जाऊन बोलले म्हणून. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यातल्या एका मुलीत देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओ आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

आणखी एक गोष्ट आईबापांपुढे मांडावीशी वाटते. हा निर्णय दिसतो घरगुती, पण तो एका घराचा नसतो. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. त्याला रोखायचे तर शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. उरलेल्या पाचांत कोण असते? शेजारच्या बिऱ्हाडातले चार महिन्यांचे बाळ, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे पोर, लस घेऊनही जिचा उपयोग झाला नाही अशी एखादी मुलगी. त्यांना आडोसा द्यायला आपली मुलेच उभी असतात. ‘सगळे घेतातच की, माझ्या एकट्याच्या पोराने काय फरक पडतो?’ असे पुरेशा घरांनी म्हटले की हा आडोसा कोसळतो.

म्हणून शंका जरूर विचारा. कोणती लस, कशासाठी, काय त्रास होऊ शकेल, हे विचारणे तुमचा हक्क आहे आणि उत्तर देणे आमचे काम. साध्या सर्दीसाठी तारीख पुढे ढकलू नका. डोस चुकला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिला तिथून पुढे चालू करता येतो. सरकारी केंद्रात या लसी मोफत मिळतात. शंकेचे उत्तर मिळाल्यावर मात्र ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणू नका. गोवर काही आपल्या सवडीची वाट पाहत थांबत नाही.