चेस इंजिनसाठी प्रोसेसर: पैसे कुठे घालायचे?

चेस क्लासवाले दुकानात आले की पहिला प्रश्न ठरलेला: "ग्राफिक्स कार्ड कुठलं टाकू?" स्टॉकफिश वापरणार असाल तर कुठलंच नको. हे फुकट मिळणारं इंजिन सगळं गणित प्रोसेसरवर करतं. (लीला चालवायचं असेल तर कार्ड लागतं, तो खर्च वेगळा.)

मग ते पैसे कोअर्सवर घाला. बजेटमध्ये मला रायझन ५ ५६००जी पटतो. ६ कोअर, १२ थ्रेड आणि डिस्प्ले आतलाच. नुसता ५६०० घेतलात तर मॉनिटर लावायलाच कार्ड घ्यावं लागेल! बिलावर 'जी' बघूनच पैसे द्या.

सेकंडहँड घेताय? एव्हीएक्स२ आहे का विचारा. स्टॉकफिश २०२० पासून न्यूरल नेटवर्क वापरतं, ही सोय नसेल तर वेग चांगलाच पडतो. जुन्या पेंटियम-सेलेरॉनमध्ये ती बहुतेक नसतेच. लॅपटॉपही टाळा, तासभर अॅनालिसिस चाललं की तापतो आणि मंदावतो.

पण थांबा, आधी घरचाच कॉम्प्युटर तपासा. पोरांनी फुकट घालवलेला घोडा जुना आय३ सुद्धा सेकंदात दाखवतो. वेग दुप्पट केला म्हणून इंजिन दुप्पट खोल बघत नाही, थोडंसंच पुढे जातं. स्टॉकफिश उघडून 'बेंच' कमांड द्या, दर सेकंदाला किती नोड्स होतात ते लिहून ठेवा. दुकानातल्या मशीनवरही तेच चालवायला सांगा. दोन आकडे शेजारी ठेवा आणि फरकाची रक्कम किती विद्यार्थ्यांच्या फीमधून निघेल ते बघा.