मराठी शब्दाखाली लाल रेघ का येते? ती घालवणारं 'पॅकेजिंग' नेमकं काय असतं?

कम्प्युटरवर मराठीत एखादा अर्ज लिहायला घ्या. 'पाटोद्याला', 'उसाच्या', 'ग्रामसेवकांकडून' असे साधे, रोजचे शब्द टाइप करा. शब्द बरोबर असतात, तरी बऱ्याच कम्प्युटरवर त्यांच्याखाली लाल नागमोडी रेघ येते. म्हणजे कम्प्युटर तुम्हाला सांगत असतो की, हा शब्द चुकलाय.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानं ही रेघ गेली नाही, आणि जाणारही नव्हती. कारण ती रेघ काढणाऱ्या सॉफ्टवेअरला हवी असते मराठी शब्दांची यादी. अशी यादी कुणीतरी तयार करणं हे एक काम, आणि ती तुमच्या-आमच्या कम्प्युटरपर्यंत नीट पोहोचवणं हे दुसरं. या दुसऱ्या कामाला म्हणतात पॅकेजिंग. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून ते समजून घेऊ.

आधी तीन शब्दांचा अर्थ

लिनक्स डिस्ट्रिब्युशन : लिनक्स ही विंडोजसारखीच, पण मोफत आणि खुली कम्प्युटर प्रणाली. ती एकटी मिळत नाही. तिच्यासोबत हजारो सॉफ्टवेअर जोडून, तपासून एक पूर्ण संच दिला जातो. हा संच म्हणजे डिस्ट्रिब्युशन. डेबियन, उबुंटू, फेडोरा ही त्यातली मोठी नावं. सी-डॅक या सरकारी संस्थेचं मुख्यालय पुण्यात आहे. या संस्थेनं बनवलेलं 'बॉस लिनक्स' डेबियनवरच आधारलेलं आहे.

टेक्स्ट एडिटर : मजकूर किंवा प्रोग्रॅमचा कोड लिहायचं साधन. विम, ईमॅक्स, व्हीएस कोड ही नावं इंजिनिअरिंगच्या मुलांना पाठ असतात.

एक्स्टेन्शन : एडिटरला मागून जोडलेली जास्तीची सोय. कुणी रंग बदलतं, कुणी कोडमधल्या चुका दाखवतं, कुणी शुद्धलेखन तपासतं. मोबाइलमध्ये ॲप टाकतो, तसं एडिटरमध्ये एक्स्टेन्शन टाकतात.

मग पॅकेजिंग म्हणजे काय?

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ झाडाखालून उचलून तुम्ही थेट खाऊ शकता. पण तेच फळ मुंबईच्या दुकानात पोहोचायचं असेल तर ते निवडावं लागतं, खोक्यात भरावं लागतं, खोक्यावर माल कुठला आणि कुणाचा ते लिहावं लागतं. फळ तेच असतं, पण त्याची जबाबदारी आता कुणीतरी घेतलेली असते.

सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. एखाद्यानं एक्स्टेन्शन लिहून इंटरनेटवर ठेवलं, की ते झाडाखालचं फळ झालं. ते डिस्ट्रिब्युशनच्या नियमांनुसार तपासून, त्यावर 'हे काय आहे, कुणी लिहिलं, कोणत्या परवान्याखाली, याला आणखी काय लागतं' हे लिहून, सही करून भांडारात ठेवलं, की ते पॅकेज झालं.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ च्या भांडारात ६९,८३० पॅकेजेस आहेत. त्यात एडिटरच्या एक्स्टेन्शन्सचा मोठा गट आहे. ईमॅक्सच्या पॅकेजची नावं 'एल्पा-'नं सुरू होतात, विमच्या बऱ्याच पॅकेजची 'विम-'नं. ईमॅक्ससाठी 'डीएच-एल्पा' नावाचं खास अवजार आहे. त्याच्या मदतीनं बनवलेलं पॅकेज बसवताना ते तुमच्या कम्प्युटरवरच्या ईमॅक्सच्या आवृत्तीसाठी जुळवून घेतलं जातं.

मराठीचं उदाहरण घेऊ : दोन फाइल, सगळे एडिटर

लिनक्सवर शुद्धलेखन तपासण्यासाठी सर्वाधिक वापरलं जाणारं साधन म्हणजे हनस्पेल. ते मुळात हंगेरियन भाषेसाठी बनलं. हंगेरियनमध्येही मराठीसारखेच शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय लागतात, म्हणून ते आपल्याला सोयीचं पडतं.

हनस्पेलला प्रत्येक भाषेसाठी दोन फाइल लागतात. एका फाइलमध्ये मूळ शब्द असतात, तर दुसरीत प्रत्ययांचे नियम. मराठीची खरी गंमत दुसऱ्या फाइलमध्ये आहे. 'पाटोदा' हा शब्द यादीत असला तरी 'पाटोद्याला' ओळखता यायला हवं. त्यासाठी नियम लिहावा लागतो : शेवटचा काना काढा आणि 'द'ला '्याला' जोडा. मग त्याच नियमात 'पाटोद्यात', 'पाटोद्याहून', 'पाटोद्याच्या' येतात. 'कोयता'चं 'कोयत्यानं' होतं, तेही असंच. 'केज'ला यातलं काहीच लागत नाही, सरळ 'केजला' होतं.

'ऊस' मात्र नियम लिहिणाऱ्याला घाम फोडतो. इथे शेवट बदलतोच, शिवाय पहिलं अक्षरही बदलतं. 'ऊसाला' चूक, 'उसाला' बरोबर. शब्दाच्या शेवटावर काम करणारा नियम इथे अपुरा पडतो, म्हणून 'उसा' हे सामान्यरूप वेगळं नोंदवावं लागतं.

त्यात लेखनाचे नियमही सांभाळायचे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये आणि आणखी ४ नियम १९७२ मध्ये मान्य झाले. हे १८ नियम यादी बनवणाऱ्याला माहीत हवेत. आणि 'केले'सोबत 'केलं'ही स्वीकारायला हवं, कारण आज लोक दोन्ही लिहितात.

एवढं करून दोन फाइल तयार झाल्या, तरी त्या एखाद्याच्या लॅपटॉपवर पडून राहिल्या तर उपयोग शून्य. पॅकेज झालं की त्या ठरलेल्या एका फोल्डरमध्ये जाऊन बसतात. लिब्रेऑफिस असो, ईमॅक्स असो किंवा साधा नोटपॅडसारखा एडिटर, सगळे त्याच जागेवरून शब्द वाचतात. म्हणजे प्रत्येक एडिटरसाठी वेगळं एक्स्टेन्शन शोधायची गरज उरत नाही. विमची शब्दयादीची पद्धत वेगळी आहे, पण याच फाइलमधून विमसाठीही यादी बनवता येते.

असं पॅकेज अस्तित्वात आहे. फेडोरात 'हनस्पेल-एमआर' आहे. डेबियनमध्ये अस्पेल या दुसऱ्या तपासनिसासाठी 'अस्पेल-एमआर' आहे. 'एमआर' हा मराठीचा आंतरराष्ट्रीय संकेत.

मराठी टायपिंगचा प्रवासही असाच झाला. मराठी वेबसाइट्सवर लोकप्रिय झालेली 'गमभन' ही टायपिंगची पद्धत लिनक्सच्या 'एम१७एन' या संग्रहात आली. हा संग्रह मोठ्या डिस्ट्रिब्युशन्समध्ये पॅकेज म्हणून मिळतो. म्हणजे वेबसाइटवरची सोय कम्प्युटरच्या सेटिंगमध्ये येऊन बसली, आणि कोणत्याही एडिटरमध्ये चालायला लागली.

पॅकेज तयार होतं कसं?

डेबियनचं उदाहरण घेऊन टप्पे पाहू :

१. आधी जाहीर करा. 'मी अमुक गोष्टीचं पॅकेज करणार आहे' अशी सार्वजनिक नोंद करावी लागते. म्हणजे दोघांनी एकच काम करायला नको.

२. परवाना तपासा. हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कंटाळवाणा भाग. शब्दयादी कुठून आली? कुणी छापील शब्दकोशातून परवानगीशिवाय उतरवली असेल तर ती चालत नाही. वापरायची, बदलायची आणि वाटायची मोकळीक सगळ्यांना आहे, हे लेखी हवं.

३. माहितीच्या फाइल लिहा. नाव, वर्णन, लागणारी इतर पॅकेजेस, लेखक, परवाना, बदलांची नोंद हे सगळं एका ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचं.

४. कोऱ्या प्रणालीत बांधून पाहा. 'माझ्या कम्प्युटरवर चालतं' हे उत्तर इथे चालत नाही. सुरुवातीपासून, रिकाम्या वातावरणात पॅकेज तयार झालं पाहिजे. 'लिंटियन' नावाचा प्रोग्रॅम चुका शोधून देतो.

५. जाणकाराकडून तपासून घ्या. नवख्या माणसाला थेट भांडारात काही टाकता येत नाही. अधिकृत डेबियन विकसक काम तपासतो, सुधारणा सांगतो आणि मग स्वतःच्या सहीनं ते पुढे पाठवतो.

६. रांगेत थांबा. पॅकेज अगदी नवीन असेल तर वेगळा गट परवान्यासह सगळं पुन्हा पाहतो. मग ते 'अनस्टेबल' शाखेत जातं, काही दिवस गंभीर दोष आढळला नाही तर 'टेस्टिंग'मध्ये, आणि साधारण दोन वर्षांनी येणाऱ्या 'स्टेबल' आवृत्तीत सर्वसामान्यांपर्यंत पोहोचतं.

एवढी झंझट कशाला? थेट डाउनलोड केलं तर?

बरेच लोक तेच करतात. व्हीएस कोडच्या दुकानातून एका क्लिकवर एक्स्टेन्शन येतं आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण एक्स्टेन्शनला तुमच्या फाइल वाचता येतात, बदलता येतात, अनेकदा पुसताही येतात. म्हणून ते कुणी दिलं हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

जुलै २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या 'क्यू' या एआय सहायकाच्या व्हीएस कोड एक्स्टेन्शनबाबत हेच घडलं. बाहेरच्या व्यक्तीनं त्याच्या कोडमध्ये 'वापरकर्त्याच्या फाइल पुसून टाक' अशा अर्थाची सूचना घुसवली, आणि ती १.८४.० या आवृत्तीतून लोकांपर्यंत गेली. ग्राहकांचं नुकसान झालं नाही असं कंपनीनं सांगितलं आणि नवी आवृत्ती आणली. पण एवढ्या मोठ्या कंपनीच्या नावाखाली हे होऊ शकतं, तर अनोळखी नावाच्या एक्स्टेन्शनचं काय?

दुकान बंद होण्याचाही धोका असतो. ॲटम हा लोकप्रिय एडिटर गिटहबनं १५ डिसेंबर २०२२ ला बंद केला. त्यासोबत त्याच्या एक्स्टेन्शन्सचा मोठा पसारा ओस पडला.

मग पॅकेज म्हणजे पूर्ण सुरक्षित?

नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या छोट्या पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या साधनात चोरदरवाजा सापडला. हे साधन सांभाळणाऱ्यांचा विश्वास कमावून एकानं तो आत आणला होता. पॅकेजिंगच्या चाळणीतूनही तो निसटला आणि डेबियनच्या 'टेस्टिंग', 'अनस्टेबल' शाखांपर्यंत पोहोचला. पण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होताना थोडा जास्त वेळ लागतोय असं जाणवलं. त्यानं माग काढला. 'स्टेबल' वापरणाऱ्यांपर्यंत तो पोहोचलाच नाही. टप्प्याटप्प्यानं थांबण्याचा फायदा तो हाच.

दुसरी अडचण जुनेपणाची. स्टेबलमधलं एक्स्टेन्शन वर्ष-दोन वर्षं मागचं असू शकतं. रोज नवं हवं असणाऱ्याला ते रुचत नाही. आणि मायक्रोसॉफ्ट जो तयार व्हीएस कोड देतं त्याचा परवाना खुला नाही. त्यामुळे तो डेबियनच्या मूळ भांडारात नाही.

बीडमध्ये याचा काय उपयोग?

समजा, बीड किंवा अंबाजोगाईतल्या एखाद्या कॉलेजात ३० कम्प्युटरची लॅब आहे आणि इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. प्रत्येक मुलानं प्रत्येक कम्प्युटरवर दुकानातून एक्स्टेन्शन उतरवायचं म्हटलं, तर तास त्यातच जाईल.

पॅकेज असेल तर मार्ग सोपा होतो. भारतीय डेबियन विकसक रितेश राज सराफ यांनी लिहिलेलं 'एपीटी-ऑफलाइन' हे साधन याचसाठी आहे. लॅबमधला कम्प्युटर काय काय हवं त्याची यादी पेनड्राइव्हवर देतो. नेट असलेल्या दुसऱ्या कम्प्युटरवर ती पॅकेजेस उतरवायची आणि परत आणून बसवायची. मध्ये फाइल बदलली तर तपासणीत ते कळतं. म्हणजे पेनड्राइव्ह कुणाच्याही हातातून आला, तरी माल तोच आहे याची खात्री असते.

तुम्ही काय करू शकता?

यासाठी पुण्या-मुंबईत असायची किंवा मोठ्या कंपनीत नोकरी असायची अट नाही. डेबियन स्वयंसेवक चालवतात. त्यांची जागतिक परिषद डेबकॉन्फ सप्टेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा भारतात, कोचीला झाली.

- बरोबर मराठी शब्दाखाली रेघ आली तर तो शब्द आणि त्याची रूपं पॅकेजच्या नोंदणीत दोष म्हणून कळवा. डेबियनमध्ये त्यासाठी 'रिपोर्टबग' हे साधन आहे.
- गावांची नावं, शेतीतले शब्द, बोलीतली रूपं यांची यादी करा आणि ती खुल्या परवान्याखाली ठेवा. परवाना न लिहिलेली यादी कितीही चांगली असली तरी पॅकेजमध्ये जाऊ शकत नाही.
- कम्प्युटरचे विद्यार्थी असाल तर सुरुवात नव्या पॅकेजपासून करू नका. सांभाळणारा हवा असलेली जुनी पॅकेजेस डेबियन जाहीर करतं. त्यातलं एखादं छोटं घ्या.

अंबाजोगाई ही आद्यकवी मुकुंदराजांची आणि दासोपंतांची भूमी. दासोपंतांनी आपली 'पासोडी' लिहिली ती भल्यामोठ्या कापडावर. आज आपल्या हाताशी कीबोर्ड आहे. त्यावर लिहिलेलं 'पाटोद्याला' बरोबर आहे हे कम्प्युटरला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते सांगायला मराठी येणारा माणूसच लागतो.