वैनगंगेकाठचा ऋणानुबंध

भंडाऱ्यास परगावाहून येणारा मनुष्य प्रथम पितळेची भांडी आणि वैनगंगेचे पात्र यांचीच चौकशी करतो. परंतु माझ्यासारख्या ख्रिस्ती नसलेल्या पाहुण्यास अधिक जिज्ञासा वाटली ती, दूरच्या स्कॉटलंडातून आलेल्या मिशनने या मुलखाशी ऋणानुबंध कसा जुळविला याची.

त्याचे उगमस्थान नागपूर. भोसल्यांचा अंमल असताना, १८४५ साली तेथे आलेल्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी शाळा काढली, एवढेच सांगून थांबणे अन्यायाचे होईल. कारण ज्या गोंडांकडे सरकारदरबारी कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, त्यांच्या कथा, शब्द आणि चालीरीती या परदेशस्थाने आस्थेने टिपून ठेवल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ते पुरात बुडाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

पुढे भंडाऱ्यासही मिशनचे ठाणे झाले, दवाखाना चालू लागला. धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो, रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्यास गाव परका मानीत नाही, असे मला निश्चयपूर्वक वाटते. प्रवचनापेक्षा शुश्रूषेनेच चर्च लोकांच्या अधिक निकट जाते.

चर्चच्या कारभाराची सूत्रेही कालांतराने एतद्देशीयांच्या हाती आली. ज्या नागपुरात हिस्लॉप यांनी शाळा काढली, तेथेच २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा प्रॉटेस्टंट संघटना एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले.