मोटारीतला फ्यूज का जातो?

ऐन पावसात मोटारीचे वायपर थांबले, की वायपरच बिघडला असे आपल्याला वाटते. पुष्कळदा मात्र बिघाड असतो तो नखाएवढ्या फ्यूजमध्ये. तो शोधावा कसा आणि बदलावा कसा, ते पाहू.

घरातला 60 वॅटचा दिवा 230 व्होल्ट दाबावर जेमतेम पाव अँपिअर प्रवाह घेतो. मोटारीतल्या बॅटरीचा दाब 12 व्होल्ट असतो. तेथे 60 वॅटच्या हेडलाइटला 60 ÷ 12, म्हणजे 5 अँपिअर प्रवाह लागतो. 12 व्होल्टचा झटका बसत नाही, पण एवढ्या प्रवाहाने तारा तापू शकतात.

बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते. परतीच्या तारेचे काम सांगाडाच करतो. आता समजा, हेडलाइटच्या तारेचे वेष्टन घासले आणि आतले तांबे सांगाड्याला टेकले. प्रवाहाला दिव्यातून जाण्याचे कारण उरले नाही. वाटेतला रोध केवळ 0.05 ओहम उरला, तर ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह होईल 12 ÷ 0.05 = 240 अँपिअर, म्हणजे 48 पट! जेम्स जूल याने 1841 साली दाखवून दिले, की तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तीच तार आता 48 × 48 = 2304 पट उष्णता निर्माण करील आणि वेष्टन पेट घेईल.

हे टळते ते फ्यूजमुळे. त्यातली पत्ती बहुधा जस्ताची व मध्ये मुद्दाम अरुंद केलेली असते. जस्त सुमारे 420 अंश सेल्सिअसला वितळते, तर तांब्याला 1085 अंश लागतात. साहजिकच पत्ती आधी वितळते आणि प्रवाह तुटतो.

फ्यूजची पेटी बहुधा स्टिअरिंगजवळ किंवा इंजिनाशेजारी असते. कोणता फ्यूज कशाचा, हे तिच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. मोठ्या माणसाला बरोबर घ्या. गाडी बंद करून किल्ली काढा. संशयित फ्यूज पेटीतल्या प्लॅस्टिकच्या चिमट्याने सरळ ओढा आणि उजेडात धरा. पत्ती तुटलेली किंवा काळवंडलेली दिसली, तर फ्यूज गेला आहे. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा हवा. चपट्या फ्यूजचा रंगही ते सांगतो: 10 अँपिअरचा तांबडा, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा.

काही जण 10 च्या जागी 20 चा फ्यूज बसवतात, किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळतात. दिवा लागतो खरा. पण 20 अँपिअरला तारेत 10 अँपिअरच्या चौपट उष्णता निर्माण होते आणि फ्यूज तसाच राहतो. चंदेरी कागदाला तर मर्यादाच ठरलेली नसते. अशाने गाडीला आग लागू शकते. नवा फ्यूजही लगेच गेला, तर तिसरा बसवू नका. बहुधा तार कोठेतरी टेकत असते. ती जागा वायरिंगच्या कारागिराकडून शोधून घ्या.

विजेवर चालणाऱ्या मोटारीतल्या नारिंगी जाड तारांना मात्र कधीही हात लावू नका. त्यांत शेकडो व्होल्टचा दाब असतो.

एखाद्या उभ्या गाडीच्या पेटीचे झाकण वडीलधाऱ्यांसमवेत वाचा. सर्वांत मोठा फ्यूज कशाचा आहे? त्याचे अँपिअर 12 ने गुणा, म्हणजे तो जास्तीत जास्त किती वॅटचा भार सोसू शकेल, हे कळेल.